लोटन आबांची न वाचलेली वार्ता

आमच्या रेडिओचा इतिहास गावात कोणालाही विचारा, तो माझ्या घराकडे बोट दाखवेल. आणि मी सांगते, झकास सांगते. धुळ्याहून कॉलेजच्या मुली आल्या होत्या, त्यांचा चहा थंड झाला पण एकीनेही कपाला हात लावला नाही. मात्र त्या इतिहासातली एक सकाळ मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, आमच्या नानांना नाही, देवाला — देवाला सगळं ठाऊकच असतं म्हणतात, म्हणून त्यालाही नाही. तुम्हाला सांगते. तुमची-माझी ओळख नाही, तेच बरं.

आधी मी कोण ते सांगते. मी सुमन, गावाची सुमनताई. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. आवाज देवाने दिलेला — उगाच कशाला नम्रपणा दाखवायचा? प्रार्थनेच्या वेळी माझा आवाज पार बसस्टँडपर्यंत जायचा आणि एसटीचे ड्रायव्हर म्हणायचे, शाळा भरली, गाडी काढा. साक्रीकडून पिंपळनेरला जाताना उजव्या हाताला मुरलीधराच्या देवळाचा कळस दिसतो ना, ते आमचं गाव. देवळासमोर दगडी दीपमाळ आहे. तिचंच नाव आम्ही रेडिओला दिलं.

रेडिओ काढायची कल्पना नानांची. नाना म्हणजे देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्ष. गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांना काकड्याला येता येत नाही, तर काकडाच त्यांच्या घरी धाडू, असं ते म्हणाले आणि आम्ही सगळे हसलो. मग ते खरंच दिल्लीपर्यंत कागद घेऊन गेले. कागदावर आम्ही समाजाचा रेडिओ — शेती, आरोग्य, शिक्षण. ते आम्ही लावतो, खोटं कशाला बोलू? कांद्यावरच्या रोगाची माहिती असते, बाळंतिणीच्या आहाराची असते. पण गावाच्या तोंडी तो पहिल्या दिवसापासून देवाचा रेडिओ. पहाटे देवळातून थेट काकडा, मग भजन, दुपारी बायकांची अहिराणी गाणी, संध्याकाळी हरिपाठ. सुरुवातीला देवळाच्या धान्याच्या कोठीत गोधड्या टांगून आम्ही स्टुडिओ केला होता. बाहेर कुत्रं भुंकलं की तालुक्याला ऐकू जायचं. एकदा आरतीच्या मधे नानांची शिंक गेली, तर दुसऱ्या दिवशी तीन गावांतून लोक प्रकृती विचारायला आले.

बघा — हे मी किती सहज सांगते. या वळणापर्यंत मला कधीच अडत नाही.

आता सातच्या वार्तांविषयी सांगते. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की नातलगांना सांगावा धाडायची रीत. सांगावा आणणारा दारातच उभा राहून सांगतो. आत येत नाही, बसत नाही, पाणी घेत नाही. सांगतो आणि पुढच्या गावाला लागतो. पूर्वी या कामाला कोणाला जुंपत असत ते सगळ्या गावाला माहीत आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांतली माणसं अनवाणी डोंगर तुडवत जायची आणि दारात उभी राहायची. त्यांचा सांगावा कधी चुकला असं मी कोणाकडून ऐकलेलं नाही. मग फोन आले. पण आमच्या पश्चिमेला डोंगर सुरू झाला की फोन मुके होतात. रेडिओ मात्र लागतो, कारण आमचा अँटेना कळसाशेजारी आहे आणि तिथून त्या वाड्या समोर दिसतात. रस्ता डोंगराला वळसा घालून जातो, पण आवाजाला रस्ता कशाला लागतो?

म्हणून मी सातच्या वार्ता सुरू केल्या. ही कल्पना नानांची नाही, माझी. कोण गेलं, अंत्ययात्रा किती वाजता, दारावर भेटायला जायचं ते द्वारदर्शन कधी, सुतक फिटायची गंधमुक्ती कधी — सकाळी सातला सगळं वाचायचं. आणि प्रत्येक वार्ता दोनदा वाचायची, हा माझा नियम. पहिल्यांदा नाव कानावर पडतं आणि माणूस दचकतो, बाकीचं त्याला ऐकूच येत नाही. दुसऱ्यांदा वाचलं की वेळ कळते. लोक म्हणायला लागले, ताईने वाचलं म्हणजे झालं, आता माणूस धाडायची गरज नाही. कुठे भाषणाला बोलावलं की मी अजून हे वाक्य सांगते. लोक टाळ्या वाजवतात.

आता माणूस धाडायची गरज नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

लोटन आबा आमच्या गावाचे. मळ्यात राहायचे. बायको लवकर गेली, एकच लेक — सिंधू. माझ्याच हाताखाली शिकलेली. पाढे कच्चे, पण गळा गोड. आबांनी तिला डोंगरातल्या एका वाडीवर दिली. चांगलं घर, पाण्याची विहीर, एकच सासू, तीही मायाळू. पण फोन लागत नव्हता. आमचा रेडिओ सुरू झाला त्या हप्त्यात आबा पिंपळनेरच्या बाजाराला गेले, एक रेडिओ घेतला आणि शेतावर न्यायची भाकरी बांधावी तसा धोतराच्या फडक्यात बांधून लेकीकडे पोचता केला. परत येताना स्टुडिओत आले. केवढे खूश होते! "तठे फोन लागस नही ताई," म्हणाले, "पन आपला देव लागस." गावच्या देवळाची घंटा रोज सकाळी लेकीच्या चुलीपाशी वाजते, यापेक्षा जास्त त्यांना काही नको होतं.

त्यांचं हे वाक्यही मी भाषणात सांगते. आबांचं नाव घेऊन सांगते. माझी जीभ कशी चालते हो?

तर ती सकाळ.

सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचा. आमच्या काल्याला त्या वर्षी धुळ्याकडचे एक मोठे महाराज कीर्तनाला येणार होते. मोठे म्हणजे फार मोठे. तारीख मिळणं मुश्किल. मी त्यांच्या मागे लागून लागून त्यांना स्टुडिओत मुलाखतीला बोलावलं होतं. सातच्याच वेळेला. सात वाजता वार्तांमुळे सगळी गावं रेडिओ लावून बसतात, आणि मला सगळी गावं पाहिजे होती. हे मी कोणाला बोलले नाही, पण तुमच्यापाशी काय झाकायचं? महाराज मला काय म्हणतात ते सगळ्या तालुक्याने ऐकावं, असं मला वाटत होतं.

मी नवी पैठणी नेसले होते. रेडिओवर पैठणी कोणाला दिसते? पण नेसले.

महाराज यायच्या थोडं आधी भटू आला. भटू म्हणजे आबांचा पुतण्या. डोळे सुजलेले. आबा पहाटे झोपेतच गेले, म्हणाला. घरचे बारापर्यंत थांबणार होते. सिंधूला कळायला पाहिजे, तिच्याशिवाय कसं उचलायचं? तिला कळलं की जीपने ती दोन तासांत येईल. "रेडिओवर सांगा ताई. मग माणूस धाडत नाही. इकडे माणसं कमी आहेत, सगळे काल्याला गेलेत."

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. रडू नको म्हणाले. सातला वाचते, म्हणाले, दोनदा वाचते, तू जा.

तो गेला. निश्चिंत होऊन गेला.

आणि महाराज आले. हार, नारळ, पाया पडणं. माईकसमोर बसले. प्रसन्न चेहरा, कपाळाला अष्टगंध. सात वाजले. आता मी आधी मयताची वार्ता वाचू? काल्याच्या दिवशी, महाराजांच्या तोंडावर, सुतकाने सुरुवात करू? त्यांना काय वाटेल? मनात म्हटलं, मुलाखत झाली की लगेच वाचते. एवढ्याने काय होतंय? मी स्वागत केलं आणि बोलणं सुरू झालं. महाराज रंगले. त्यांनी एक गोष्ट सांगितली — गवळणीचं मडकं आणि आंधळा सासरा अशी काहीतरी — आणि मी हसले. खळखळून हसले. ते हसणंही गावोगाव गेलं असणार. मग महाराज म्हणाले, या ताईंच्या आवाजात भक्ती आहे. थेट माईकवर म्हणाले.

त्यानंतर माझे पाय जमिनीवर नव्हते, खरं सांगते.

मुलाखत संपली. महाराजांना चहा, पेढे, फोटो. मशीनवर भजनाची तबकडी चालू. मग ते देवळात गेले, सगळं गाव देवळात, माईकची माणसं देवळात, आणि स्टुडिओत मी एकटी. देवळातून थेट कीर्तन सुरू झालं. तेव्हा मला आबा आठवले.

इथे थांबते जरा. लोक असं सांगतात ना, की विसरले, गडबडीत राहून गेलं. मीही स्वतःला बरीच वर्षं तसंच सांगितलं. पण मी विसरले नव्हते. मला नीट आठवलं, आणि वेळ होती. कीर्तन नुकतंच सुरू झालं होतं, बारा वाजायला पुष्कळ अवकाश होता. समोर एक बटण होतं. ते दाबायचं, देवळाचा आवाज खाली करायचा आणि बोलायचं. सिंधू जीपने आली असती. बापाचं तोंड तिला दिसलं असतं.

मी बटणाला हातसुद्धा लावला.

पण थेट कीर्तन कधीच तोडायचं नाही, हाही माझाच नियम होता. एकदा एका जाहिरातीसाठी कोणीतरी आरती तोडली होती, तर त्याची मी सगळ्यांसमोर खरडपट्टी काढली होती. आता मीच तोडू? महाराजांचं कीर्तन, आणि मधे मयत? नाना काय म्हणतील? महाराजांच्या कानावर गेलं तर? जिच्या आवाजात भक्ती आहे म्हणालो, तिनेच माझं कीर्तन कापलं — असं म्हणतील का? मी हात काढून घेतला. मनाशी म्हटलं, भटूने माणूस धाडलाच असेल. एवढ्या मोठ्या गोष्टीला फक्त रेडिओवर कोण विसंबून राहील?

कोण राहील? मीच शिकवलं होतं त्यांना.

ते थांबले. बारा वाजून गेल्यावरही थांबले. उन्हाळ्याचे दिवस, मळ्यातलं घर, पत्र्याचं छप्पर. ओली चादर घालत राहिले आणि रस्त्याकडे बघत राहिले. मग कोणीतरी म्हातारं माणूस म्हणालं, रेडिओवर सांगितलंय, म्हणजे तिला कळलंय. कळून आली नाही. उचला आता. भटूने अग्नी दिला. मयताच्या घरात रेडिओ लावत नाहीत, त्यामुळे त्या घरातल्या कोणालाच माहीत नव्हतं की रेडिओ बोललाच नाही. आणि उरलेलं गाव तर काल्यात होतं.

संध्याकाळी भटू आला. डोक्यावरचे केस काढलेले. त्याने फक्त एवढंच विचारलं, "ताई, वाचलं होतं ना?"

वाचलं ना, म्हणाले मी. मुलाखतीच्या मधे वाचलं, दोनदा.

कसा पटकन आला तो "दोनदा"! खोटं बोलतानाही मी नियम पाळला.

तुम्हाला वाटेल, संपलं. हीच ती चूक. एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी हसत-रडत सांगूनही टाकलं असतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक याहून मोठं कबूल करतात आणि घरी जाऊन जेवतात. पण खरं अजून पुढे आहे, आणि तिकडे जाताना मी हळू का चालते आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या गाडीवाल्याकडून सिंधूला कळलं. ती मळ्यात आली तेव्हा राखही सावडून झाली होती. भाऊबंद तिच्याशी धड बोलेनात. कळून आली नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. तिने आकांत केला की मला कळलंच नाही, आणि लोक म्हणाले, रेडिओवर तर सांगितलं होतं. मग त्या बिचारीने विचार केला. सकाळी ती शेतात होती. कांदा काढणी चालू होती, मजूर मिळत नव्हते. घरी चुलीपाशी रेडिओ ऐकत होती ती तिची सासू, केवळबाई. म्हणजे म्हातारीने ऐकलं आणि सांगितलं नाही. कांदा पडून राहील म्हणून सुनेला बापाच्या मयतीला जाऊ दिलं नाही. किती सरळ हिशेब! मला कोणी हा हिशेब घातला असता तर मीही हेच उत्तर काढलं असतं.

केवळबाई म्हणत राहिली, रेडिओ बोलला नाही. कोण ऐकतं? रेडिओ खोटा की सासू खोटी, असं विचारलं तर आमच्या मुलखात सासूच्या बाजूने कोण उभं राहील?

गंधमुक्ती झाली आणि पुढच्या बाजारच्या दिवशी दोघी स्टुडिओत आल्या. म्हणजे केवळबाईने सुनेचं मनगट धरून तिला आणलं होतं. चल, ताईलाच विचारू, म्हणून. म्हातारी दारातून आली ती ताठ. काळी-सावळी, लुगड्याचा पदर डोक्यावर, कपाळाला गोंदण. घाबरलेली मुळीच नव्हती. उलट तिच्या तोंडावर एक समाधान होतं, की आता सगळं सुटेल. ताई खरं सांगेल. ताई देवाच्या रेडिओवर बोलते.

स्टुडिओत त्या वेळी नाना होते, भजनाच्या बायका होत्या.

"बठ्ठं आयकं मी ताई," केवळबाई म्हणाली. आणि जे जे ऐकलं ते तिने खरंच सगळं सांगितलं: महाराज आले, तुम्ही हार घातला असं तुम्हीच बोलल्या, गवळणीच्या मडक्याची गोष्ट झाली, तुम्ही हसल्या, महाराजांनी तुमच्या आवाजाचं कौतुक केलं, मग भजन, मग कीर्तन. मला स्वतःला आठवत नव्हतं इतकं तिला आठवत होतं. आणि मग तिने मला विचारलं, "मयतनं नाव उनंच नही. तुम्हीच सांगा ताई. वाचेल व्हतं का?"

सिंधू माझ्याकडे बघत होती. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची, तेव्हा उत्तर बरोबर आहे का ते बघायला जशी बघायची, तशीच.

मला एकच शब्द बोलायचा होता. नाही. वर्गात लाखदा म्हटला असेल तो शब्द. नानांनी मला एक दिवस बोल लावले असते, भटूने शिव्या घातल्या असत्या, गावाने चार महिने चघळलं असतं. मग? रेडिओ बंद पडला असता? मी मेले असते?

मी हसले. प्रेमाने हसले, म्हाताऱ्या माणसांशी बोलताना हसतात तसं. आणि म्हणाले, "वाचली होती आजी, दोनदा. तुम्ही चुलीपाशी कामात असाल, नसेल लक्ष राहिलं. वयाने होतं असं."

भजनाच्या बायकांनी माना हलवल्या. नाना म्हणाले, होतं, होतं.

केवळबाईने माझ्याकडे पाहिलं, आणि माझी खात्री आहे — तिला कळलं. त्या खोलीत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मग तिने सिंधूचं मनगट सोडलं. सोडलं म्हणजे हात आपोआप खाली आला. सिंधू तिच्या पुढे निघून गेली आणि म्हातारी मागून, पायऱ्या उतरताना भिंतीला हात लावत.

लोटन आबांची वार्ता न वाचणं हा माझा भित्रेपणा होता, भटूशी खोटं बोलणं ही लबाडी होती, पण हे तिसरं? त्याला मराठीत शब्द आहेत, आणि ते मी इतरांबद्दल अनेकदा वापरलेले आहेत.

त्यानंतर त्या घरात काय चाललं ते मला कळत राहिलं. कळल्याशिवाय कसं राहील, सगळं गाव मला येऊन सांगतं. सिंधूने घर सोडलं नाही, भांडणही केलं नाही. सासूला वेळच्या वेळी वाढायची, आजारपणात अंग पुसायची, औषध द्यायची. फक्त बोलायची नाही. ताट ठेवायचं आणि वळायचं. एका घरात, एका चुलीवर, वर्षानुवर्षं. आणि म्हातारीने रेडिओ काही बंद केला नाही. रोज सकाळी लावायची. सात वाजले की कान देऊन बसायची, असं दूधवाला सांगायचा. कशाची वाट बघत होती कोण जाणे. मला वाटतं, मला ठाऊक आहे.

रोज सकाळी तिथे ती ऐकत बसली आहे हे ठाऊक असताना मी इथून "नमस्कार मंडळी" म्हणत राहिले. माझा आवाज बिघडला नाही. मला झोपही लागायची. अपराध्याला झोप लागत नाही हे कोणी पसरवलं आहे? चांगली लागते.

परवा केवळबाई गेली.

वार्ता द्यायला सिंधू स्वतः आली. आता वाडीवरही फोन कसाबसा लागतो, फोनवर सांगता आलं असतं. पण पहाटेच्या गाडीने ती खाली आली. केस पांढरे झालेत तिचे. स्टुडिओच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. नाव सांगितलं, वेळ सांगितली. मी म्हणाले, ये, पाणी घे. तिने मान हलवली. नको.

मग म्हणाली, "मरताना बी तेच बोलनी ताई. रेडिओ बोलना नही, म्हने." डोक्यावरचा पदर सावरला. "मरता मानूस खोटं बोलस का?"

हे तिने मला चिडून विचारलं नाही. ती खरंच विचारत होती. वर्गात विचारायची तसंच. इतकी वर्षं ती त्या म्हातारीशी एक शब्दही बोलली नव्हती आणि आता ती घाबरली होती — उत्तर काय येईल म्हणून.

आणि मी? मी घड्याळाकडे पाहिलं. म्हणाले, सात होत आले बाई, वाचायला पाहिजे. आत गेले आणि माईक सुरू केला. केवळबाईंचं नाव वाचलं, गाव वाचलं, अंत्ययात्रेची वेळ वाचली. दुसऱ्यांदा वाचलं. आवाज कुठेही हलला नाही. बाहेर आले तेव्हा ती गेली होती.

म्हणजे चौथी वेळ. मोजायचंच तर ही चौथी.

नानांनी मला रेडिओचा इतिहास लिहून मागितला आहे. पुस्तिका छापायची आहे. मी लिहायला बसले आणि गोधड्यांचा स्टुडिओ लिहिला, नानांची शिंक लिहिली, सातच्या वार्ता माझी कल्पना तेही लिहिलं. मग हे लिहिलं. हेही त्याच कागदांबरोबर नानांच्या हातात देणार आहे. छापायचं की फाडायचं ते त्यांचं त्यांनी बघावं. सातच्या वार्ता आता दुसऱ्या कोणी वाचाव्यात, हेही त्यात लिहिलं आहे.

पण ते उद्या. आज दुपारच्या गाडीने मी वाडीला चालले आहे. मयताचं घर आहे, भाऊबंद बसलेले असतील, त्यांच्यासमोरच सांगायचं आहे. केवळबाईला खोटं मी चार लोकांत पाडलं होतं. पैठणी नाही, रोजचीच साडी आहे. दारात उभी राहीन. आत बोलावलं तर जाणार नाही, पाणी दिलं तर घेणार नाही. सांगावा आणणारा घेत नाही. एवढं सांगेन — सिंधू, तुझी सासू खरं बोलत होती. तुझ्या आबांची वार्ता मी वाचलीच नव्हती.

दोनदा सांगेन. पहिल्यांदा तिला ऐकू येणार नाही.